कोकणात छोटं घर बांधायचंय? आधी सातबारा, मग छप्पर, कंटेनर सगळ्यात शेवटी

आमचं घर राजापूर तालुक्यात आहे, आतून जेमतेम अडीचशे स्क्वेअर फूट, पुढे पडवी. फोटो बघून लोक फोन करतात आणि पहिला प्रश्न हमखास एकच, "कंटेनर कितीला पडला?" आमचं कंटेनरचं नाहीच, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) आहे, पण ते सोडा. मुद्दा असा की कोकणात छोटं घर उभं करणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. खालची जमीन, वरचं छप्पर आणि नळातलं पाणी, माणूस थकतो तो या तिघांत. आणि नेमकं याच तिघांबद्दल कोणी काही विचारत नाही, सगळ्यांना भिंतीत दुमडणारा पलंग हवा असतो.

तिकडे अमेरिकेत चारशे स्क्वेअर फुटांच्या आतलं घर म्हणजे टायनी हाऊस, त्यांच्या निवासी बांधकाम संहितेत २०१८ साली त्यासाठी वेगळं परिशिष्टही आलं. तिकडच्या बऱ्याच गावांत घर अमुक एवढं मोठं हवंच असे नियम, म्हणून लोकांनी ते ट्रेलरवर चढवलं, म्हणजे कागदावर ती गाडी झाली. ते व्हिडिओ बघून आपल्याकडे पण लोक चाकं शोधायला लागतात. अहो, आपल्या बागांमध्ये राखणीला मांगर होतेच की, एक खोली, पुढे पडवी, मागे पाण्याचा पिंप, फक्त कोणी त्याचे व्हिडिओ काढले नाहीत.

अजून एक, छोटं म्हणजे त्या प्रमाणात स्वस्त असं डोक्यातून काढा. विहीर किंवा बोअर, संडासाचे खड्डे, विजेचा मीटर, रस्त्यापासून माल आत आणायचा खर्च, इंजिनियरची फी, हे घर तीनशे फुटांचं असो नाहीतर हजाराचं, जवळपास तेवढंच लागतं. त्यामुळे स्क्वेअर फुटाचा भाव काढलात तर छोटं घर महागच दिसतं, वाचतात ते एकूण पैसे आणि पुढची साफसफाई.

## १. तुम्ही शेतकरी आहात का, हे आधी बघा

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते, कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३. तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावावर राज्यात कुठेही सातबारा असेल तर तो शोधा, वारस नोंद राहिली असेल तर ती करून घ्या आणि तहसीलदारांकडून शेतकरी दाखला काढा. घाटावरचा सातबारा कोकणात चालतो. नसेल तर सरळ एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा गावातलं जुनं घर याच्याच मागे लागा. "आमच्या माणसाच्या नावावर घेऊ, नंतर तुमच्या नावावर करू" असं सांगणारा एजंट भेटला की चहा प्या आणि निघा, कारण असा व्यवहार रद्द होऊ शकतो आणि जमीन सरकारजमा व्हायची वेळ येते, एजंट तोपर्यंत दुसऱ्या तालुक्यात पोचलेला असतो.

जुनं घर घ्यायचा मार्ग मला स्वतःला जास्त आवडतो. पडीक घराचं जोतं, विहीर, वाट आणि कधीकधी मीटरसुद्धा जागेवर असतो. फक्त लक्षात ठेवा, ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा म्हणजे घरपट्टीची नोंद, तो मालकीचा पुरावा नाही. कोकणात घरं वाड्या-वाड्यांत विखुरलेली, त्यामुळे बऱ्याचदा घर ज्या जमिनीवर उभं आहे ती भावकीच्या सामाईक सातबाऱ्यावरच असते, घर एकाचं आणि जमीन बावीस जणांची.

## २. सातबारा नीट वाचा, विशेषतः उजवीकडचा "इतर अधिकार"

महाभूलेखवर सातबारा फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं, ०.१०.०० दिसलं तर ते १० आर, म्हणजे जवळजवळ १० गुंठे (१ आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा त्याच्यापेक्षा किंचित मोठा, १०८९ स्क्वेअर फूट). मालकाने आलिशान घडीपुस्तिका हातात दिली तरी पहिले हे बघायचं:

किती नावं आहेत. कोकणातला सगळ्यात मोठा सापळा हाच. आजोबांच्या नावावरून वारस लागत लागत सातबाऱ्यावर तीस-तीस नावं, निम्मे मुंबईत, दोघं गेलेले, एक आत्या बडोद्याला. गावातला काका म्हणतो "सगळे माझं ऐकतात." ऐकत असतील हो, पण सही प्रत्येकाची लागते, किंवा प्रत्येकाचं कुलमुखत्यारपत्र. अविभक्त हिस्सा विकत घेता येतो पण मग नेमका कुठला तुकडा तुमचा हे ठरतच नाही, आणि तुम्ही जोतं घातलंत की पंधरा वर्षं गावाला न आलेला चुलता पुढच्याच एसटीने हजर. आधी वाटप, मोजणी, पोटहिस्सा वेगळा, मग टोकन.

कुळाची नोंद. "कुळकायदा कलम ४३ ला पात्र" असं असेल तर ती कुळाने कुळकायद्याखाली मिळवलेली जमीन. ती विकायला अटी आहेत. कुळाच्या खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (म्हणजे शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून शेतकऱ्याला विकता येते, पण हे काम विकणाऱ्याने आधी करून द्यायचं, तुम्ही साठेखत करून नंतर धावायचं नाही.

वर्ग २ (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), देवस्थान इनाम, वन, खाजगी वन. कोकणात ही भानगड फार. सातबाऱ्यावर वन कायद्याच्या कलम ३५ चा किंवा खाजगी वनाचा शेरा असला, किंवा सिंधुदुर्गात वनसंज्ञेतली जमीन असली, तर समोर काजूची बाग दिसत असली तरी कागदावर ते जंगल आहे, तिथे घर बांधायला केंद्राच्या वन कायद्याखाली परवानगी लागते. सिंधुदुर्गातच आकारीपड (सारा थकला म्हणून सरकारजमा झालेल्या) जमिनी आहेत, आंबोली-गेळे-चौकुळला कबुलायतदार गावकर प्रश्न आहे, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनींच्या मालकीचा वाद. अशा जमिनी बाजारभावापेक्षा स्वस्त का मिळतात ते आता कळलं असेल.

फेरफार. सातबाऱ्यावर जे फेरफार नंबर गोलात दिसतात ते सगळे काढा, जुने हस्तलिखित सुद्धा. मग वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस. वकील शक्यतो त्याच तालुक्यातला, त्याला गावातली भांडणं तोंडपाठ असतात आणि ती कुठल्याच उताऱ्यावर येत नाहीत.

तुकडेबंदीचंही बघा. २०२३ च्या अधिसूचनेपासून राज्यभर जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे किमान क्षेत्र आहे, म्हणजे शेतजमिनीतले तीन गुंठे कापून घ्यायचे म्हटले तर दस्त अडतो. यात सरकारने नंतर काही सवलती दिल्यात, रहिवासी झोनसाठीही, म्हणून टोकन द्यायच्या आधी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन गट नंबर दाखवून विचारा की याचा दस्त होईल का. पाच मिनिटांचं काम आहे.

## ३. जागा मे महिन्यात बघा आणि जुलैमध्ये परत बघा

डिसेंबरात कोकण बघून जमीन घेणारे लोक म्हणजे एजंटांची दिवाळी. मे मध्ये जा, शेजारच्या विहिरीत काठी घालून पाणी किती आहे बघा, समुद्राजवळ असाल तर ते चाखून बघा, मे मध्ये मचूळ लागलं तर लग्नाच्या हंगामात टँकर ठरलेला. जुलैत जा, वरच्या सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) पाणी कुठून उतरतं ते बघा, कारण कातळावर पडलेलं पाणी जिरत नाही, सगळं धावत खाली येतं, आणि उन्हाळ्यात जी छान सपाट जागा वाटली ती वहाळाची (ओढ्याची) वाट असू शकते.

रस्ता. नुसता दिसणारा रस्ता नव्हे, गाव नकाशावर असलेला किंवा दस्तात लिहिलेला रस्ता. "इथून सगळेच जातात" हा रस्ता नाही, ज्याच्या जागेतून जातात त्याने गडगा (दगडी कुंपण) घातला की संपलं. आणि चिऱ्याचा ट्रक आत येतो का तेही बघा, नाहीतर पाखाडीवरून (पायऱ्यांच्या वाटेने) डोक्यावरून माल आणायची मजुरी घरापेक्षा जास्त होते.

भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, खरेदीच्या आधी, मालकाच्या अर्जाने. हद्दीच्या खुणा चिऱ्याने पक्क्या करा. शेजारी चारही बाजूंचे हजर असतील असा दिवस धरा, गणपतीत किंवा शिमग्यात सगळे गावातच असतात पण तेव्हा सरकारी मोजणीदार मिळणं कठीण, मे महिना बरा.

## ४. समुद्र दिसतोय? मग सीआरझेड

भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा नियमन क्षेत्र लागतं. ग्रामीण भागात, म्हणजे सीआरझेड तीनमध्ये, साधारण पहिले २०० मीटर ना विकास क्षेत्र, तिथे नवीन घर होत नाही. खाडीलाही लागतं, हे लोक विसरतात, २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठी १०० मीटर, २०१९ च्या नव्या अधिसूचनेत ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. जिल्ह्याचा जो किनारा व्यवस्थापन नकाशा मंजूर असेल त्यावर तुमचा सर्व्हे नंबर टाकून बघायचा, एजंटच्या मोबाईलमधल्या नकाशावर नाही.

आणि "टेम्पररी आहे, चाकं आहेत, कंटेनर आहे, सीआरझेड लागत नाही" हे वाक्य ज्याने सांगितलं त्याला ते लेटरहेडवर लिहून द्यायला सांगा, बघा देतो का. हलवता येतं म्हणून परवानगी लागत नाही असं काही नसतं, किनाऱ्यावर नाही आणि आतही नाही.

## ५. परवानगी

इथे तीन वाटा आहेत, तुमची कुठली ते जमिनीवर ठरतं.

शेतजमिनीवर शेतघर: जमीन महसूल संहितेच्या कलम ४१ मध्ये मर्यादा दिल्यात. धारण (नावावरची जमीन) ०.४ हेक्टरपेक्षा (अंदाजे एक एकर) कमी असेल तर शेतघर नाही, ०.४ ते ०.६ हेक्टरला जोतं १५० चौरस मीटरपर्यंत. आपल्याला ३० चौरस मीटर पण लागत नाही, म्हणून छोटं घरवाल्यांना हा मार्ग ऐसपैस आहे, अट एवढीच की तुम्ही शेतकरी असावं आणि जमीन एकरभर असावी. आणि घर खरंच शेतीसाठी असावं, भाड्याने द्यायच्या खोल्या काढल्यात तर ते शेतघर राहत नाही.

गावठाणालगत: गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला कलम ४२-ड खाली निवासी वापरासाठी एनए झाल्याचं धरतात, त्यासाठी काय भरायचं आणि सनद (एनएचा दाखला) लागते का हे तहसील कार्यालयात विचारून घ्या. कोकणात अडचण ही की तुमच्या वाडीला घोषित गावठाण आहे का हेच आधी शोधावं लागतं.

एनए प्लॉट किंवा गावठाणातली जागा: २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत लहान प्लॉटला बरीच सूट आहे. प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत असेल तर कागद, नकाशा आणि परवानाधारक इंजिनियरचा दाखला दाखल करून, शुल्क भरून काम सुरू करता येतं. पण ही सूट कायदेशीर प्लॉटला आहे, शेतातून कापलेल्या दीड गुंठ्याला नाही. याच मुद्द्यावर बरेच जण फसतात.

ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच यांना आधी भेटा, कागद घेऊन, घाई न करता. मुंबईवाले येतात, गडगा पाडतात आणि मग परवानगीला येतात अशी गावात तक्रार असते आणि ती खोटी नाही.

## ६. मित्रमित्र मिळून छोट्या घरांची वाडी करायची असेल तर

ही कल्पना सगळ्यांना सुचते, पाच-सहा कुटुंबं, प्रत्येकाचं छोटं घर, मध्ये सामाईक स्वयंपाकघर, एक विहीर. कल्पना उत्तम आहे, अमेरिकेत ऑस्टिनला बेघरांसाठी अशी आख्खी वसाहत २०१५ पासून उभी आहे. आपल्याकडे ती मोडते ती सातबाऱ्यावर. एक एकर शेतजमीन सहा जणांनी सामाईक घेतली तर सहाही जण शेतकरी लागतात, शेतघराच्या मर्यादा पूर्ण धारणाला धरून बघितल्या जातात, प्रत्येकाला वेगळं घर असं गृहीत धरू नका. आणि दहा वर्षांनी एकाला पैसे हवे असतात, एकाचा मुलगा कॅनडात, एकाचं दुसऱ्याशी बोलणं नाही. म्हणजे आपण भावकीचा सामाईक सातबारा टाळायला निघालो आणि नवीन भावकी तयार केली.

करायचंच असेल तर जमीन रीतसर एनए करून मंजूर लेआउट करा, प्रत्येकाचा प्लॉट वेगळ्या नावावर, आणि रस्ता, विहीर, सामाईक खोली यांचा करार लेखी, रजिस्टर केलेला. त्यात हे चार मुद्दे हवेतच: बाहेर पडणाऱ्याने आधी ग्रुपला विचारायचं का, विहिरीचा पंप कोणाच्या मीटरवर, घर पर्यटकांना द्यायचं की नाही, आणि पावसाळ्यात बघायला येणाऱ्या गड्याचे पैसे कोण देणार. शेवटच्या मुद्द्यावर जास्त भांडणं होतात.

दुसऱ्याने केलेल्या अशा स्कीममध्ये घेत असाल तर महारेरा (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर विचारा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि युनिट आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्प नोंदणी लागते, प्लॉटिंगलाही. "फार्म प्लॉट आहेत, रेरा लागत नाही" म्हणाले तर तुमच्या एकट्याच्या नावाचा सातबारा मिळणार का हा पुढचा प्रश्न, आणि उत्तर ऐकताना त्यांच्या तोंडाकडे बघा.

## ७. कशाचं बांधायचं

कंटेनर. २० फुटी कंटेनर म्हणजे ८ फूट रुंद, १६० स्क्वेअर फूट, रिकामा असताना सव्वादोन टनांच्या आसपास. ट्रेलर आणि हायड्रा (क्रेन) तुमच्या जागेपर्यंत येईल का, वाटेत साकव (लहान पूल) आहे का, विजेच्या तारा किती खाली लोंबतात, हे आधी चालत जाऊन बघा. त्यातून खाऱ्या हवेत लोखंड. वेंगुर्ल्याजवळ ओळखीच्या एकांनी ठेवलाय, दर वर्षी घासून रंग मारतात, खालच्या कडेला तरी भोकं पडलीच. आणि राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची रुंदी किमान २.४ मीटर आणि उंची २.७५ मीटर धरलीय, कंटेनर आतून २.३५ रुंद आणि २.३९ उंच, वर उष्णतेसाठी लायनिंग केलं की अजून कमी. इंजिनियर नकाशावर सही करताना इथे अडतो. स्टोअररूम म्हणून, साईट ऑफिस म्हणून ठीक, राहायला मला पटत नाही.

प्रीफॅब पॅनेल. लवकर उभं राहतं. सांध्यांतून पाणी, पॅनेलच्या आत मुंग्या आणि उंदीर, आणि बिघडलं की माणूस पुण्याहून येणार. पॅनेलवालाच घेत असाल तर दोन पावसाळे काढलेलं त्याचं कोकणातलंच काम बघायला मागा, पनवेलच्या शोरूममधलं नको.

चिरा. जांभा दगड खाणीतून येतो, साधारण १४ इंच लांब, ९ इंची भिंत होते, गवंडी गावात मिळतो, आणि उद्या खिडकी हलवायची झाली तर हलवता येते. तोटा एक, छोट्या घरात जाड भिंत जागा खाते. बाहेरून १५ बाय २० म्हणजे ३०० स्क्वेअर फूट, आतून उरतात अडीचशे. नकाशा काढताना आतलं माप धरून काढा. चिरा घेताना खाणीवर जाऊन घ्या, हातोडीने वाजवून, पिवळट मऊ चिरा पावसात झिजतो. वाळू खाडीची असेल तर खारं पाणी सळईला खातं, क्रशची वाळू घ्या.

फर्निचरला एमडीएफ बिलकुल नको, साधं प्लाय पण नको. परदेशी व्हिडिओतलं ते घडीचं टेबल, जिन्याखालचे ड्रॉवर, सगळं एका पावसाळ्यात फुगतं आणि ड्रॉवर उघडत नाही. मरीन प्लाय किंवा सरळ जुनं लाकूड, फणस, शिवण, सागवान, गावात जुनी घरं पाडतात तिथे मिळतं. भिंतीला लागून कपाट ठेवायचं नाही, चार बोटं अंतर, नाहीतर मागे बुरशी.

## ८. छप्पर आणि पडवी, इथे कंजूषी नको

आमचे गवंडी म्हणाले ते खरं, "वयनी, आपल्याकडं पाऊस वरनं पडत नाय, आडवा मारतो." फ्लॅट स्लॅब टाकायचा मोह होतो, वर बसायला मिळेल म्हणून, पण तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे सपाट स्लॅब म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी वॉटरप्रूफिंग, शेवटी सगळे वर पत्राच टाकतात. उतरतं छप्पर करा आणि भिंतीच्या बाहेर किमान अडीच-तीन फूट काढा. पागोळ्या जोत्यापासून लांब पडल्या की अर्धी ओल वाचते.

मंगलोरी कौलं सुंदर, घर थंड राहतं, पण वांदरांची उडी आली की दहा कौलं गेली, दर मे महिन्यात कौलं चाळायला माणूस हवा आणि तो मिळत नाही. नुसता पत्रा तापतो, आणि पावसात फोनवर बोलता येत नाही. आम्ही खाली पत्रा आणि वर कौलं केलंय, खर्च जास्त आहे पण कौल फुटलं तरी आत थेंब नाही.

वारा विसरू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, मुरुड-श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत छपरं उडाली, पुढच्याच मे मध्ये तौक्ते किनाऱ्याने घासत गेलं. छोटं घर हलकं, त्यात पडवीचा पत्रा वाऱ्याला हात देतो. वासे भिंतीवर नुसते टेकवू नका, भिंतीच्या वर काँक्रीटचा पट्टा घेऊन त्यात बोल्ट सोडा आणि वासे त्याला आवळा. पत्र्याला कडेला जास्त स्क्रू. घरावर झुकलेला माड कितीही छान दिसला तरी त्याच्या टप्प्यात घर बांधू नका.

पडवी म्हणजे छोट्या घराचा जीव. आमच्याकडे घर एका खोलीचं आणि पडवी आठ फूट रुंद, वर्षातले आठ महिने आम्ही तिथेच असतो, जेवण, पाहुणे, आंब्याच्या पेट्या सगळं. नैऋत्येला खिडक्या कमी आणि पडवी त्या बाजूला, म्हणजे झड भिंतीवर यायच्या आधी पडवीत मरते. पावसाळ्याआधी तिला झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा शेडनेट बांधायची सोय, हूक आधीच लावून ठेवा. परवानगीच्या नकाशात पडवी दाखवा, नंतर वाढवली की तेच अनधिकृत.

## ९. पाणी, संडास, वीज

पावसाचं पाणी साठवायचा हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ४० चौरस मीटर छप्पर आणि ३००० मिमी पाऊस म्हणजे १ लाख २० हजार लिटर, वाया जाणारं सोडून ९० हजाराच्या पुढे सहज. पण हे सगळं चार महिन्यांत येतं आणि तुम्हाला हवं असतं एप्रिल-मे मध्ये. ५००० लिटरची टाकी दोन माणसांना रोज २०० लिटरने २५ दिवस पुरते. म्हणून टाकीच्या भरवशावर राहू नका, छपराचं पाणी गाळून विहिरीजवळ मुरवा आणि टाकी आणीबाणीला.

संडासाला दोन शोषखड्डे, आलटून पालटून वापरायचे, विहिरीपासून किमान १५ मीटर आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्यात भेगा असतात, पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून मी तर म्हणते जागा असेल तर दुप्पट अंतर ठेवा. शेजाऱ्याची विहीर पण मोजा, फक्त आपली नको.

वीज महावितरणची, अर्जाला मालकीचा कागद आणि ग्रामपंचायतीचा दाखला. पोल लांब असेल तर खर्च वाढतो, म्हणून जमीन बघतानाच जवळचा पोल बघून ठेवा. सोलर घालणार असाल तर पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ आणि पुढे ७८ हजार अनुदान आहे, पण ते ग्रीडला जोडलेल्या सोलरला. असं साधं सोलर लाईट गेली की बंद पडतं. जूनमध्ये लाईट दोन-दोन दिवस जाते, तेव्हासाठी बॅटरी वेगळी. अर्थिंग चांगलं करा, विजा फार.

## १०. कामाचं वेळापत्रक

दिवाळीनंतर सुरू, मे अखेर छप्पर पुरं. यात शिमग्याला काम बंद, लग्नसराईत गवंडी गायब, पाऊस लागला की चिरेखाणी बंद. म्हणून चिरा आणि लाकूड जानेवारीतच जागेवर टाकून ठेवा. जोत्याखाली आणि भोवती वाळवीचं औषध मारून घ्या, ते भराव टाकताना होतं, नंतर नाही.

हाताशी ठेवायचे कागद:

- सातबारा, ८अ (खातेउतारा), सगळे फेरफार, गाव नकाशा
- मोजणीची "क" प्रत
- शेतकरी दाखला (शेतजमीन असेल तर)
- सर्च रिपोर्ट, जाहीर नोटिशीचं कात्रण
- झोन दाखला नगररचनाकडून, किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेडचा अभिप्राय
- सनद किंवा एनएचा कागद, मंजूर नकाशा
- खरेदीखत आणि सूची क्रमांक २ (इंडेक्स टू)
- आधार, पॅन, फोटो, आणि झेरॉक्सच्या भरपूर प्रती, तालुक्याला लाईट नसते तेव्हा झेरॉक्स पण नसते

नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. मुद्रांक शुल्क वेगळं, रेडीरेकनर (सरकारी दर) आणि व्यवहाराची रक्कम यात जे जास्त असेल त्याच्यावर.

## ११. पहिला पावसाळा घरात काढा

निदान जुलैतले काही दिवस तरी जाऊन राहा. आतून गिलावा, रंग, फरशीची पॉलिश, कपाटं, हे सगळं पहिल्या पावसाळ्यानंतर करा. कुठली भिंत ओली होते, पागोळ्यांचं पाणी कुठे साचतं, दार कुठे फुगतं हे एकदा दिसलं की बाहेरून चिऱ्यांमधल्या दर्जा (फटी) भरायच्या, चर खणायचे, मग आत खर्च. घर बंद राहणार असेल तर गावात कोणाकडे तरी चावी द्या आणि त्याचे महिन्याचे पैसे ठरवा, फुकटात कोणी दारं उघडत नाही आणि उघडायची अपेक्षाही नको. उघडीप मिळाली की खिडक्या उघडायच्या, गाद्या पडवीत टाकायच्या, कौलांवरचा पाचोळा काढायचा, आणि गणपतीच्या आत ग्रामपंचायतीत घराची नोंद घालून घरपट्टीची पहिली पावती घ्यायची, कारण मीटरच्या नावापासून पुढे बँकेपर्यंत सगळे तीच मागतात.